एकशे दहा पावलं

बंदूक घ्यावी की नाही हा प्रश्न मी एक्सेलमध्ये सोडवायला घेतला आणि तिथेच माझी पहिली चूक झाली, असं बायको म्हणते. तिच्या मते माझी पहिली चूक कायम एक्सेलमध्येच होते. त्यानंतरच्या चुका मी मोकळ्या हवेत करतो.

तिला दोष देता येत नाही. मी दुबईतल्या एका कंपनीत खरेदी बघतो. हॉटेलं, ऑफिसं आतून सजवून द्यायची कामं कंपनी घेते आणि त्याला लागणाऱ्या काचा, बिजागऱ्या, नळ, खुर्च्या मी जमवतो. तीन कोटेशनं मागवायची, तक्ता मांडायचा, सगळ्यात स्वस्त रकान्याला हिरवा रंग फासायचा. बावीस वर्षं हेच केलं की माणसाला जगात दुसरा रंग दिसेनासा होतो. शारजाच्या अल नहदामधल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी अशीच हिरवा रंग देऊन आणलेली एक ट्रेडमिल आहे. ती एकाच वेगाने पळते आणि तो वेग माझा नाही. सध्या तिच्यावर टॉवेल वाळतात.

तर ऑगस्टात गावाहून दादाचा फोन आला. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आजऱ्याच्या बाजूला आमची शेती आहे, ऊस, भात आणि वरच्या अंगाला काजू. ती सगळी तोच बघतो.

"बारक्या, डुकरांनी पार उच्छाद मांडलाय बघ," दादा म्हणाला. "वडलांची ठासणीची बंदूक आता आवाजापुरतीच ऱ्हायलीया. लायसन झालंय माझ्या नावावर. एक साधी रायफल बघतोय. तू घेऊन दे."

मी लगेच हो म्हणणार होतो. दादाने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं नाही. मी इकडे आलो तेव्हा माझी बॅग डोक्यावर घेऊन एस.टी. स्टँडपर्यंत तोच चालला होता आणि पहिल्या पगारातून मी पाठवलेलं घड्याळ त्याने अजून डब्यात जपून ठेवलंय. शिवाय गावाकडे रानडुक्कर म्हणजे काय हे मला माहीत आहे. एका रात्रीत उसाचा फड असा आडवा करतात की वाटावं वरून रोलर फिरवलाय. सरकारी कागद, शिक्के, परवानगी, सगळं दादाने रीतसर केलं होतं. मी फक्त मॉडेल निवडायचं होतं आणि निवडणं हा तर माझा धंदा.

बायको कणीक मळत होती. तिने हात थांबवला नाही, पण म्हणाली, "अहो, त्या घरात बंदूक देऊ नका."

"डुकरं आहेत अगं."

"डुकरं पूर्वीपण होती. एक सांगते, रागावू नका. दादांनी गेल्या दोन-अडीच महिन्यांत चुलतभाऊजींचं नाव काढलंय का?"

चुलतभाऊजी म्हणजे आमच्या चुलत्याचा मुलगा. त्याची जमीन आमच्या जमिनीला लागून. मध्ये एक बांध आणि त्या बांधावर दोन घरांची पंधरा वर्षं. दगड इकडचा तिकडे, मोजणी, परत मोजणी, तारखा. जूनच्या सुरुवातीला त्याने बांधावरचा फणस तोडला. वडिलांनी लावलेला फणस. त्याआधी दादाचा प्रत्येक फोन चुलतभावाला दहा मिनिटं शिव्या देण्यात जायचा. शिव्या अशा, की मी स्पीकर बंद करून बाल्कनीत जात असे. फणस तोडल्यापासून एकही नाही.

"तेच सांगतोय," मी म्हणालो. "माणूस सुधारतो. वयाने निवळतो."

"शिव्या देणारा माणूस परवडला," ती म्हणाली आणि कणकेवर ओलं फडकं टाकून आत गेली.

हे तिने मला ऑगस्टमध्ये सांगितलं. मी हे लिहून ठेवतोय, कारण नंतर मी सगळ्यांना सांगत फिरलो की मला काही कल्पनाच नव्हती. कल्पना होती. घरात पोळ्या लाटत फिरत होती.

मी तक्ता मांडला. कोल्हापूरच्या दुकानदाराने दादाला दोन-तीन फोटो दिले होते, ते दादाने मला पाठवले. सगळ्या 'बोल्ट-अ‍ॅक्शन'. म्हणजे दाराची कडी मागे ओढून पुन्हा पुढे सरकवावी तसा एक खटका असतो. दर गोळीला तो हाताने ओढायचा. एक गोळी, एक कडी. एक अक्रोडाच्या लाकडाच्या दस्त्याची, देखणी. एक मधली. आणि एक अगदी साधी, दस्ता कसल्याशा काळ्या प्लास्टिकचा, नळीवर चमक नाही. साधी घेतली तर इथले चारेक हजार दिरहम, म्हणजे तिकडचे नव्वद हजार. माझा हात आपोआप हिरव्या रंगाकडे गेला. पण ट्रेडमिलवरचे टॉवेल समोर दिसत होते, म्हणून ठरवलं, यंदा वस्तू हातात धरून बघायची.

अबू धाबीला दरवर्षी शिकारीचं मोठं प्रदर्शन भरतं. ससाणे, उंट, तंबू, चाकू आणि एका अख्ख्या दालनात बंदुका. विकत घ्यायच्या तर परवाना असलेल्या इथल्या नागरिकांनीच. आपण तिकीट काढून बघायचं, साखळीला बांधलेली उचलून धरायची आणि परत ठेवायची. मी मुलाला ड्रायव्हर म्हणून नेलं. तो इथेच जन्मला, इथेच शिकला. मी त्याच्याशी मराठीत बोलतो आणि तो मला इंग्रजीत माफ करतो.

एका स्टॉलवर दादाच्या फोटोतल्यासारखीच काळी, साधी रायफल होती. मी ती खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि मुलाला म्हणालो, "काढ फोटो."

"बाबा, प्लीज. पीपल आर वॉचिंग."

"बघू दे. काढ."

स्टॉलवरचा विक्रेता सिरियाचा असावा. फार अदबीने बोलत होता. माझी हौस त्याने ओळखली होती, तरी गिऱ्हाईक समजून त्याने विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, रानडुक्कर, इंडियात, भावासाठी. तो म्हणाला, मग स्वस्तातली पुरेल. महागडीला जी अचूकता असते ती लांबून मारायला. "व्हॉट डिस्टन्स, सर?"

मी तिथेच उभ्या उभ्या दादाला मेसेज टाकला. दादा, किती लांबून मारायचं?

दादा मेसेजला उत्तर द्यायला एरवी दोन दिवस लावतो. या वेळी मिनिटसुद्धा लागलं नाही.

"एकशे दहा पावलं."

मी विक्रेत्याला सांगितलं. तो हसला. म्हणाला, युवर ब्रदर इज व्हेरी प्रिसाइज मॅन. मला अभिमान वाटला. बघा, आमच्या घरात सगळे असेच, मापाचे पक्के. घरी येऊन मी तक्त्यात 'अंतर' असा नवा रकाना घातला आणि त्यात एकशे दहा लिहिलं. डुक्कर कुठे उभं राहणार हे माणसाला पावलांत कसं माहीत असतं, हा रकाना मला सुचला नाही.

त्यानंतर दादाचे मेसेज रोज येऊ लागले. "आज पाच वाजता आलं. एकटंच." दुसऱ्या दिवशी, "आज पण पाच. त्याच वाटेनं." मग एकदा, "आज बांधावर थांबलं हुतं. इकडं बघत." आणि एकदा, "रविवारी येत नाही."

त्यावर मी काय उत्तर दिलं होतं ते फोनमध्ये अजून आहे. मी लिहिलं होतं, "हा हा! सरकारी नोकरीत दिसतंय!!" वर हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे.

आता दुसरी चूक. ही माझ्या नेहमीच्या जातकुळीची आहे, त्यामुळे सांगायला सोपी.

दादाच्या मुलीचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. त्यासाठी पुतण्याने दादा, मी आणि तो असा तिघांचा एक ग्रुप केला आणि त्याला इंग्रजी अक्षरांत नाव दिलं, 'बार डिसेंबर'. लग्नाचा बार उडवायचा, म्हणून बार. त्याच सुमाराला आमच्या कंपनीकडे अल बर्शामधल्या एका हॉटेलच्या गच्चीवरचा बार सजवायचं काम होतं. कामाचा ताबा डिसेंबरात द्यायचा. त्या ग्रुपचं नाव, तेही इंग्रजीत, 'रूफटॉप बार डिसेंबर'. त्या ग्रुपात आमचा लेबनीज प्रोजेक्ट मॅनेजर, सुपरवायझर, हॉटेलचे इंजिनियर आणि हॉटेलचा सिक्युरिटी मॅनेजर.

माझा चष्मा ट्रेडमिलवर होता.

पुतणीसाठी मी बायकोला न सांगता, म्हणजे सांगून पण दादाला न सांगता, बांगड्या घेऊन ठेवल्या होत्या. त्या आनंदात मी एका दमात लिहिलं, "दादा, डिसेंबरात बार उडवून देऊ. सामान मी इथून घेऊन येतो. आत्ताच कुणाला कळू देऊ नकोस." आणि खाली प्रदर्शनातला फोटो. मी, रायफल, एक डोळा मिटलेला.

दहा मिनिटं काही झालं नाही. मग प्रोजेक्ट मॅनेजरचा मेसेज आला. नुसतं प्रश्नचिन्ह. मग हॉटेलच्या त्या ग्रुपमधून दोन माणसं बाहेर पडली. ग्रुपमधून माणूस बाहेर पडला की त्याचा काही आवाज होत नाही, पण मला तो ऐकू आला. मग फोन.

"हबीबी," मॅनेजर म्हणाला, "व्हॉट इज धिस?"

हॉटेलमधल्या कुणीतरी फोनच्या भाषांतरात माझा मजकूर घातला होता. इंग्रजीत तो असा झाला, भावा, आपण डिसेंबरमध्ये बार उडवून देऊ, साहित्य मी आणीन, कोणालाही सांगू नकोस. यंत्र चुकलं असेल म्हणून त्यांनी आमच्या साइट इंजिनियरला विचारलं. तो लखनौचा, अत्यंत सज्जन मुलगा. त्याने नंतर रडवेल्या आवाजात मला सांगितलं, "सर, मैंने तो बस पढ़ के बताया। लिखा तो वही है। बार उड़ा देंगे।"

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मला हॉटेलात बोलावलं. पासपोर्ट आणि रेसिडेन्सीचं कार्ड घेऊन या, एवढंच सांगितलं. बायकोने मला डबा दिला नाही. आधी मला वाटलं रागाने. मग लक्षात आलं, दुपारी मी कुठे असेन हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही.

प्रोजेक्ट मॅनेजर लॉबीत भेटला. त्याने हात मिळवला नाही. "माय फ्रेंड, टुडे आय डोन्ट नो यू," म्हणाला आणि लिफ्टचं बटण मात्र माझ्यासाठी दाबलं. लिफ्ट खाली गेली.

सिक्युरिटी मॅनेजरची खोली तळघरात, माल उतरवायच्या धक्क्याशेजारी. एसी असा लावलेला की घाम यायच्या आधी गोठावा. भिंतीवर सोळा पडदे. त्यांतल्या एका पडद्यावर मी होतो, मागून. टक्कल एवढं पसरलंय हे मला तिथे कळलं. तो माणूस साठीचा, नेपाळच्या डोंगरातला, फौजेतून निवृत्त झालेला. बुटका, शांत, इस्त्रीचा शर्ट. टेबलावर माझ्या मेसेजचा आणि फोटोचा रंगीत प्रिंट. रंगीत प्रिंटमध्ये माणूस जास्त गुन्हेगार दिसतो.

"बैठिए," तो म्हणाला.

मी बसायच्या आधीच बोलायला लागलो. आमच्या भाषेत लग्नाला असं म्हणतात. बार म्हणजे दारूचा नाही.

"तो बार मतलब क्या?"

"बार मतलब... गोली. बंदूक का आवाज."

"तो बंदूक है."

"नहीं नहीं, शादी है."

"शादी में बंदूक?"

"बंदूक शादी में नहीं. बंदूक अलग है. बंदूक सूअर के लिए."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी जे म्हणालो ते मला परत ऐकू आलं. आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ बोलून अडकलो आहे, पण सुटायला म्हणून जो जो शब्द उचलावा तो बेडीचाच निघावा, असं तिथेच झालं. वरच्या पडद्यावर एक ट्रक मागे मागे येत होता. बावीस वर्षांत जमवलेलं सगळं, फ्लॅट, मुलाचं कॉलेज, बायकोची कुंडीतली कढीपत्त्याची झाडं, सगळं या माणसाच्या एका फोनवर होतं. त्याने वर कळवायचं ठरवलं असतं तर मराठी वाक्प्रचारांचा कोश घेऊन माझ्यामागे कोण आलं असतं?

"भाई का चॅट दिखाइए," तो म्हणाला.

मी फोन दिला. सगळी कोडी आता सुटणार म्हणून मला हायसं वाटलं. लग्नपत्रिकेचा फोटो दाखवला, पुतणीचा फोटो दाखवला. बांगड्यांची पावती दाखवली. त्याने मान हलवली. बार त्याला कळला. चेहरा सैल झाला, हसलासुद्धा. "हमारे यहाँ भी बोलते हैं कुछ ऐसा," म्हणाला. मला वाटलं, चला, खलास, सुटलो.

मग त्याने अंगठ्याने चॅट वर सरकवला. नेपाळी माणूस. अक्षरं आपलीच, त्याला वाचता येत होतं. एकशे दहा पावलांपासून पुढे तो दादाचे मेसेज एकेक शब्द जोडत मोठ्याने वाचू लागला.

"डुक्कर मतलब?"

"सूअर. जंगली."

"बँदेल," तो म्हणाला. "हमारे गाँव में बहुत." आणि पुढे वाचायला लागला. आज पाच वाजता आलं. एकटंच. हे म्हणजे काय? मी हिंदीत सांगितलं. आज पण पाच. त्याच वाटेनं. मी सांगितलं. बांधावर थांबलं हुतं. इकडं बघत. मी सांगितलं, पण या वेळी जरा हळू. दादाचं वाक्य दुसऱ्या भाषेत घालताना ते आधी रिकामं करून घ्यावं लागतं आणि रिकामं करताना आत काय आहे ते दिसतं.

"रविवारी येत नाही," त्याने वाचलं.

मी भिंतीवरच्या पडद्यांकडे बघू लागलो.

"एतवार?"

"हां. संडे को नहीं आता."

त्याने फोन टेबलावर ठेवला. खाली माझे हसणारे तीन चेहरे दिसत होते.

"साहब, बँदेल रात को आता है," तो म्हणाला. "झुंड में आता है. बूढ़ा हो तो अकेला भी आता है. लेकिन घड़ी देख के नहीं आता. एतवार की छुट्टी नहीं लेता. ये सूअर नौकरी करता है क्या?"

आमचा चुलतभाऊ तालुक्याला पतसंस्थेत कारकून आहे. साडेचारला सुटतो. पाचला बांधावरून आपल्या विहिरीकडे जातो, पाण्याची मोटार चालू करायला. रविवारी पतसंस्था बंद. त्या दिवशी तो सकाळीच पाणी पाजतो आणि बायको-मुलांना घेऊन सासुरवाडीला जातो. हे मला गेली दहा वर्षं माहीत आहे. हे दादानेच मला सांगितलंय, शिव्यांच्या अधेमधे.

"नौकरी करता है," मी म्हणालो.

त्याने टेबलावरचे कागद जुळवले. मग माझा फोटो आणि मेसेजचा प्रिंट त्याने यंत्रात घातला. त्याच्या पट्ट्या झाल्या. पासपोर्ट माझ्याकडे सरकवला. "ये बार वाला मामला मेरे गेट के अंदर का था. वो बंद. दूसरा वाला मेरे गेट के अंदर का नहीं है." उठून दार उघडता उघडता त्याने विचारलं, "एक सौ दस क़दम किसने गिने? आपने या उसने?"

"उसने."

"हूँ," तो म्हणाला.

लॉबीत प्रोजेक्ट मॅनेजर माझी वाट बघत होता. त्याने मला मिठी मारली, हबीबी म्हणाला, कॉफी पाजली आणि पुढचे आठ दिवस ऑफिसात सगळे मला बघून हात वर करत होते. मी हसत होतो. हसणं माझ्या अंगवळणी पडलंय, त्याला मी लागत नाही.

शारजाकडे परतताना नेहमीचं ट्रॅफिक होतं. मी ठरवायचा प्रयत्न करत होतो. दादाला विचारायचं कसं? नुसतं नाही म्हणून टाकलं तर? सांगावं की इथे व्हिसाचं लफडं झालं, पैसे अडकले? थाप मारणं मला येतं, त्यात मी तक्तासुद्धा मांडू शकतो. पण थापेने रायफल थांबली असती, पाच वाजताचं थांबलं नसतं. आणि न विचारता घेऊन दिली असती तर? तर ते डुक्करच निघालंही असतं. हा विचार त्या गाडीत मी केला, हे कबूल करतो. सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला, मागचे हॉर्न मारत होते.

घरी बायकोने दार उघडलं. मला बघून तिने आधी देवाला हात जोडले आणि मग विचारलं, "जेवलात?" मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता करा फोन. माझ्यासमोर."

दादाने उचलला. मागे पाटाच्या पाण्याचा आवाज येत होता.

"दादा, डुक्कर रविवारी का येत नाही?"

पाण्याचा आवाज तेवढा राहिला. मला वाटलं तो हसेल. म्हणेल, लेका, तुला शहाण्याला काय कळतंय जनावरांतलं. मी त्याच्या हसण्याची इतकी वाट बघितली की तोंडावर हसू आणून तयार बसलो.

"तुला कुणी सांगितलं?" दादा म्हणाला.

"कुणी नाही. तूच लिहिलंस."

"हं."

"दादा, मी रायफल घेऊन देणार नाही."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर नऊ दिवस त्याने माझा फोन उचलला नाही. त्याला माझ्या पैशांची गरज नव्हती, हेच मला झोपू देईना. काजूचे पैसे त्याच्या खात्यात होते. लायसन त्याच्या नावावर, दुकान कोल्हापुरात. सकाळी निघून संध्याकाळच्या आत परत येता येतं. मी रोज दुपारी साइटवर मान खाली घालून बिजागऱ्या मोजायचो. तिकडचे पाच म्हणजे इकडचे साडेतीन. साडेतीन वाजून गेले की गावच्या एका जुन्या मित्राला काहीतरी फालतू मेसेज करायचो, पाऊस कसा आहे, ऊस कसा आहे. त्याचं उत्तर 'मस्त' असं आलं की मग जेवायचो.

पाचव्या दिवशी वहिनीचा फोन आला. फार हळू बोलत होती, गोठ्यात असावी.

"भावोजी, तुम्ही पैसे धाडलेत का?"

"नाही वहिनी."

"धाडू नगा. लायसनचं बुक म्या तांदळाच्या कणगीत घातलंय, तळाला. रोज हुडकत्यात, पर मला इचारत न्हाईत. मला इचारलं तर मला सांगावं लागंल, म्हणून."

मी बायकोला हे सांगितलं. तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "विचारत नाहीत ना. आणि तुम्हाला रोज मेसेज टाकत होते. ज्याला करून टाकायचंय तो धाकट्या भावाला वेळ कळवत बसतो का?"

"मग कशाला कळवत होता?"

"ते तुम्हाला कळायला नको होतं का?" एवढंच म्हणून ती बाल्कनीत गेली.

दहाव्या दिवशी दादाचा फोन आला. मी नेमका एका पुरवठादाराशी काचेच्या भावावरून घासाघीस करत होतो. त्याला अर्ध्यावर सोडून मी मालाच्या खोक्यांमागे गेलो.

"बारक्या," दादा म्हणाला. आवाज खरखरीत, जाग्रणाचा. "कामात हाईस?"

"नाही. बोल."

"एक काम सांगतो. करशील?"

"काय?"

"रोज मला फोन करत जा. पाचच्या सुमाराला. काय पण बोल. तुला लई बोलायला लागतंय, ते बोल."

मी हो म्हटलं. का, ते त्यानेही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या घरात याहून लांबची बोलणी होत नाहीत.

तेव्हापासून मी करतो. साडेतीन वाजता जिथे असेन तिथून. साइटच्या जिन्यात, गाडीत, एकदा तर मीटिंगमधून पोट धरून उठून. दादा शेतातल्या खोपीच्या दारात बसलेला असतो, एवढं मला कळतं, कारण कोंबड्या ऐकू येतात. मी त्याला काहीही सांगतो. साहेबाची टर उडवतो, लखनौच्या पोराने पोळ्या करायला घेतल्या तेव्हा काय झालं ते सांगतो. माझ्या फजित्यांचा साठा मोठा आहे, वर्षभर पुरेल. तो हूं हूं करत राहतो, कधी हसतो.

मग मध्येच त्याचं हूं थांबतं. श्वास ऐकू येतो फक्त. मी काही विचारत नाही, थांबत नाही, आवाज जरा चढवून तेच पुढे सांगत राहतो, तेच वाक्य दोनदा म्हणतो, काय बोलतोय ते मला कळत नसतं. लांबून कुणाच्या तरी चपलांचा चिखलातला आवाज आल्यासारखा वाटतो, किंवा तो माझ्याच कानातला असेल. मिनिट जातं. कधी दोन जातात.

"हं," दादा म्हणतो. "गेला. बोल तू."